चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची निवड करताना

पहिली भेट ठरवण्यापूर्वी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचे पदव्युत्तर शिक्षण, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली केलेले काम आणि अधिकृत नोंदणी यांविषयी निःसंकोचपणे विचारावे. चांगला तज्ज्ञ याची उत्तरे मोकळेपणाने देतो. मनोविकारतज्ज्ञ वैद्यकीय डॉक्टर असतात व औषधे देतात, तर मानसशास्त्रज्ञांचा भर मुख्यतः चाचण्या आणि संवादातून होणाऱ्या उपचारांवर असतो.

मुलासाठी जायचे असेल तर चौकशी अधिक बारकाईने करावी. लहान मुले आपली भीती शब्दांपेक्षा खेळातून, चित्रांतून, कधी वारंवार दुखणाऱ्या पोटातून सांगतात. म्हणून मुलांसोबतच्या कामाचा खास अनुभव आहे का, आणि पालकांशी व गरजेनुसार शिक्षकांशीही बोलणे होते का, हे पाहावे. कुठे आणि कशासाठी जात आहोत, हे मुलाला आधीच खरेखुरे सांगावे. मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण फसवून नेलेले मूल तिथे मन मोकळे करण्याची शक्यता फार कमी असते.

प्रौढांनी त्रास कधी सुरू झाला, झोप, भूक आणि चालू औषधे यांची टिपणे सोबत न्यावीत. कुटुंबाने एकत्र जायचे असल्यास, एकट्याने सांगितलेली गोष्ट इतरांपर्यंत पोहोचेल का, आणि जिवाला धोका असल्यास गोपनीयतेला कोणता अपवाद केला जातो, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्यावे.