हीटर थंड आणि इंजिन गरम? आधी हवा काढा

कसारा घाट चढून आलेली गाडी ‘गरम होते’ म्हणून गॅरेजच्या दारात उभी राहिली, की नव्या पोराचा पहिला हात थर्मोस्टॅटकडे (इंजिन तापलं की कूलंटला, म्हणजे थंड ठेवणाऱ्या द्रवाला, रेडिएटरकडे सोडणारी झडप) जातो. थांबा. आधी विचारा, गरम कुठे होते? नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला उतरतो, तर फॅन, रिले, फ्यूज बघा. घाटातच चढत असेल, तर रेडिएटर चोंदलाय किंवा खालचा होज (रबरी पाइप) ओढीने आत दबतोय.

आता हवेबद्दल, कारण फसगत इथेच होते. होज, वॉटर पंप, काहीही बदललं की आत हवा राहते आणि बऱ्याच गाड्यांत ती हीटरच्या कॉइलमध्ये (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) जाऊन बसते. आयडलला थंड वारा, रेस दिली की गरम, रेस सोडली की परत थंड, आणि डॅशबोर्डमागे पाण्याची खळखळ. कूलंट कमी असलं तरी हेच होतं, म्हणून पातळी आणि गळती आधी बघा. यावर थर्मोस्टॅट बदललात तर पुन्हा कूलंट सांडतं, पुन्हा हवा शिरते, तक्रार तशीच राहते आणि तुम्ही नव्या पार्टवर संशय घेत बसता. काट्यावरही विसंबू नका. सेन्सरभोवती कूलंटच नसेल तर काटा खाली येतो, इंजिन मात्र तापतच असतं. अशी गाडी पुढे काढली तर इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकतं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गाडीचं तोंड चढाला करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) असेल तर सैल करा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, सावकाश ओता. बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. स्क्रूतून सलग धार आली की तो आवळा. फनेल लावून इंजिन चालू करा. साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट उघडतो, वरचा होज एकदम तापतो, पातळी खाली जाते. भरत राहा. फॅन दोनदा चालू-बंद झाला आणि बुडबुडे थांबले की कूलंटची कॅप लावा. सकाळी थंड इंजिनवर पातळी पुन्हा बघा. पहिल्या खेपेला जमलं नाही तर घाबरू नका, दोन-तीन वेळा करावं लागतं. बुडबुडे थांबतच नसतील तर मात्र हेड गॅस्केटची (हेडखालचं सील) तपासणी करा.

हवा निघाली, तरी हीटर थंडच? कॉइलचे दोन्ही पाइप चाचपा. दोन्ही गरम असतील तर फ्लॅप (गरम-थंड हवा वळवणारी पट्टी) किंवा त्याची केबल बघा. एक गरम, एक कोमट असेल तर कॉइल चोंदलाय. कमी दाबाच्या पाण्याने उलट्या दिशेने धुवा. काचेवर चिकट धुकं आणि गोडसर वास आला तर कॉइल गळतोय.

‘आपल्याकडे कुठे थंडी, थर्मोस्टॅट काढून टाक’ म्हणणाऱ्या उस्तादाचं ऐकू नका. इंजिन तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि डिसेंबरात पहाटे निफाडला निघालेल्या माणसाला हीटर मिळत नाही.

कॅपचं रबरही बघा. नाशिकच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, १.१ बारची कॅप धड असेल तर तेच १२० च्या पुढे जातं. गरम असताना ती उघडू नका, कधीही.