लॅपटॉपमधून बारीक शिट्टी येतेय? पंखा बदलायच्या आधी या चुका टाळा

रात्री घर शांत झालं की लॅपटॉपमधून कानाशी डास गुणगुणावा तसा बारीक आवाज येतो ना, तो यायला लागल्यावर बहुतेक जण करतात तेच मीपण केलं, दुकानात नेला, त्यांनी पंखा बदलला, पैसे घेतले आणि घरी आल्यावर शिट्टी होती तशीच. दुकानात बाहेरच्या हॉर्नच्या गोंगाटात ती कुणाला ऐकूच येत नव्हती तो भाग वेगळा.

तर पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, पंख्यावर संशय घेणं. पंखा घरघरतो किंवा सूं सूं करतो आणि त्याचा आवाज हळूहळू चढतो उतरतो. ही शिट्टी मात्र क्षणात चालू, क्षणात बंद. पेज स्क्रोल केलं की सूर बदलतो, कधीकधी नुसता यूएसबी माउस लावला तरी गप्प होते, आणि पंखा थांबलेला असताना पण येते. असं असेल तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा.

होतं काय, चार्जर देतो १९-२० व्होल्ट आणि प्रोसेसरला लागतो साधारण १ व्होल्ट, ते खाली आणायचं काम बोर्डवरच्या कॉइल (तारेची छोटी वेटोळी) आणि छोटे सिरॅमिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) करतात. प्रोसेसरला काम नसलं की तो डुलक्या काढतो, यालाच सी-स्टेट म्हणतात, सेकंदाला शेकडो हजारो वेळा झोपतो आणि उठतो आणि दर वेळी करंट वरखाली होतो. सिरॅमिक कपॅसिटर व्होल्टेज बदललं की किंचित आकसतात फुगतात, त्यांच्याबरोबर अख्खा बोर्ड थरथरतो, झाला स्पीकर तयार. म्हणून गंमत बघा, लॅपटॉप रिकामा बसला की जास्त ओरडतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जुन्या २.६ कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, टायमर सेकंदाला १००० वेळा टिकटिकायचा आणि प्रोसेसरला उठवायचा, म्हणजे सरळ कानाला लागणारा सूर, २००५ साली २.६.१३ मध्ये तो आकडा २५० वर आणला. आणि २००६ च्या मॅकबुक प्रोवाले लोक तर कॅमेऱ्याचं फोटो बूथ हे ॲप उघडं ठेवायचे, प्रोसेसर जागा राहिला की शिट्टी बंद!

दुसरी चूक, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मिनिमम प्रोसेसर स्टेट १०० टक्के करणं. हा सल्ला सगळीकडे मिळतो पण ती सेटिंग प्रोसेसरचा वेग धरून ठेवते, डुलक्या थांबवत नाही, त्यामुळे बऱ्याचदा काडीचा फरक पडत नाही. थांबवायच्या तर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सी-स्टेटचा ऑप्शन शोधा (सगळ्या लॅपटॉपमध्ये नसतो), नाहीतर लिनक्सवर बूटच्या ओळीत मॅक्स सी-स्टेटची मर्यादा घाला.

पण सी-स्टेट सरसकट बंद करून मोकळं होणं ही तिसरी चूक. तपासायला बंद करा, आवाज गेला तर निदान पक्कं झालं, मग परत चालू करा आणि (या झोपेच्या हलक्या ते खोल पायऱ्या असतात) फक्त सगळ्यात खोल झोप अडवून बघा, एकेक पायरी कमी करत. नाहीतर बॅटरी भराभर उतरते आणि मे महिन्यात लॅपटॉप मांडीवर ठेवायची सोय राहत नाही.

उलटं असेल, म्हणजे गेम लावल्यावरच किंचाळत असेल, तर तो लोडचा, म्हणजे जास्त कामाचा आवाज. गेमच्या मेनूमध्ये सेकंदाला फ्रेम विनाकारण शेकड्यांनी धावतात, तिथे व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग) लावा किंवा ६० ची मर्यादा घाला. मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केलं की इंटेलचा टर्बो (प्रोसेसरने गरजेला वेग वाढवणं) सहसा बंद होतो, त्यानेपण कधी फरक पडतो.

चार्जरला विसरू नका हां. काढून ऐका, लावून ऐका, कागदाची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरं कीबोर्डवर फिरवत नेलं की जागा सापडते, कधीकधी ओरडणारा चार्जरच निघतो. आवाज फक्त हेडफोनमधून येत असेल तर ते प्रकरणच वेगळं, तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर घालून बसवला असेल तर आधी अर्थिंग बघा.

व्हिडिओ बघून कॉइलवर गरम गोंद ओतायच्या भानगडीत अजिबात पडू नका. कपॅसिटरचा आवाज त्याने जात नाही आणि वॉरंटी मात्र जाते.

लॅपटॉप नवीन असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत बोला, कारण या आवाजाने सहसा काही बिघडत नाही आणि नंतर "नॉर्मल आहे" हेच उत्तर मिळतं. मोबाईल जवळ ठेवून रात्री रेकॉर्डिंग करून न्या. आणि घरातल्या मोठ्यांना ऐकू आलं नाही तर स्वतःच्या कानावर शंका घेऊ नका, वय वाढलं की वरचे सूर आधी जातात, माझी आई अजून म्हणते तुझा लॅपटॉप तर एकदम शांत आहे.