पिनियनचं ऑइल सील बदलण्याआधीची तयारी

जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याच्या) तोंडाशी तेल दिसलं की पिनियनचं, म्हणजे त्या डब्यात शिरणाऱ्या छोट्या गिअरच्या दांड्याभोवतीचं, नवं सील आणायची घाई होते. त्याआधी ब्रीदर बघा. ॲक्सलच्या नळीवर किंवा डिफरन्शियलच्या वर ही हवा सोडणारी छोटीशी टोपी असते आणि ती अनेकदा चिखलाने बुजलेली असते. गाडी पळाली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, आणि बाहेर पडायला वाट नसली की ती सीलच्या कडेने तेल ढकलते. ब्रीदर साफ न करता बसवलेलं नवं सीलही गळेल.

मग गळतं कुठून हे पक्कं करा. सगळं केसिंग पुसून कोरडं करा, थोडी गाडी फिरवा आणि खालून टॉर्च मारा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. तो नसेल तर तेल पुढच्या गिअरबॉक्सकडून वाऱ्याने मागे येत असण्याची शक्यता आहे. ब्रेक ड्रमच्या आत ओल असेल तर दोष हाफ शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) सीलचा. ते काम वेगळं, आणि तेल लागलेले ब्रेक शूजही बदलावे लागतात. शेवटी पिनियनचा फ्लँज, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट जिला जोडतात ती चकती, हाताने वरखाली हलवून पाहा. तो हलत असेल तर बेअरिंग गेलं आहे. अशा वेळी फक्त सील बदलण्यात अर्थ नाही.

सील मागवताना गाडीच्या नावावर विसंबू नका. इतक्या वर्षांत ॲक्सल बदललेला असू शकतो. जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी बहुधा कोरलेली असते. ती वाचता येत नसेल तर सील काढल्यावर व्हर्निअरने मोजा आणि तोवर गाडी उभी ठेवायची तयारी ठेवा. सीलसोबत फ्लँज धरून ठेवणारा नवा नट घ्या, आणि फ्लँजवर चढवायची पातळ दुरुस्ती-स्लीव्हही विचारून ठेवा. सीलचा ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासतो आणि फ्लँजवर चर पडतो. नख फिरवून बघा, नख अडकलं तर स्लीव्ह लागणारच. चामड्याचं सील मिळालं तर ते आदल्या रात्री तेलात भिजत घाला.

आता मुख्य गोष्ट, आणि इथे मी कुणालाही घाई करू देणार नाही. पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये काही गाड्यांत शिम (पातळ चकत्या) आणि न चेपणारा स्पेसर (अंतर राखणारी नळी) असतो, तर काहींत दाबला जाणारा स्पेसर. आपल्या गाडीत कुठला आहे हे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आधी शोधा. दाबला जाणारा असेल तर नट जरा जास्त आवळला की स्पेसर आणखी चेपतो, आणि नट सैल करून तो परत पूर्ववत होत नाही. मग पिनियन बाहेर काढून नवा स्पेसर घालण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून नट सोडण्याआधी तीन नोंदी कागदावर हव्यात: नटाबाहेर किती आटे दिसतात, नट, पिनियनचं टोक आणि फ्लँजवर सेंटर पंचने केलेल्या एका रेषेतल्या खुणा, आणि फ्लँज फिरायला किती जोर लागतो. जोर मोजायला फ्लँजभोवती दोरी गुंडाळा आणि ताणकाट्याने हळू, एकसारखी ओढा. फ्लँज फिरत असताना काटा जिथे स्थिर दिसतो तो आकडा लिहा. त्या वेळी प्रोपेलर शाफ्ट सुटलेला, मागची चाकं आणि ड्रम काढलेले हवेत, नाहीतर ब्रेकची घासणही त्यात मोजली जाईल. जोडणी झाल्यावर त्याच अवस्थेत, त्याच जागी दोरी गुंडाळून आकडा तेवढाच यायला हवा, किंवा नव्या सीलमुळे किंचित जास्त. नवा नट लावला की जुन्या नटावरची खूण उपयोगाची राहत नाही, तेव्हा हाच आकडा कामाला येतो.

प्रोपेलर शाफ्ट आणि फ्लँजवरही जोडखूण करा, नाहीतर गाडी थरथरेल.

हँडब्रेक बहुतेक मागच्याच चाकांवर चालतो आणि तीच चाकं उचललेली असतात. तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर कधीच नको. फ्लँज धरायला भोकं पाडलेली लांब लोखंडी पट्टी, सील ओढायचा हुक, आणि सीलच्या बाहेरच्या कडेवर नेमका बसेल असा नळीचा तुकडा जवळ असू द्या. स्क्रू ड्रायव्हरने सील उचकटलं तर बसायच्या जागेवर ओरखडा पडतो आणि तिथून नवी गळती सुरू होते. ओठाला लावायला ग्रीस आणि फ्लँजच्या आतल्या स्प्लाइनवर (दांड्यावर बसणाऱ्या खाचांवर) लावायला थोडं सीलंटही हवं, कारण नटाखालून तेल स्प्लाइनमधूनही झिरपतं.

तेल मॅन्युअल सांगेल तेच. हायपॉइड गिअरना (ज्यांत पिनियन मोठ्या गिअरच्या मध्यरेषेपासून सरकलेला असतो) हायपॉइडचंच तेल लागतं. मात्र प्यूजो ४०४सारख्या गाडीच्या वर्म ॲक्सलमध्ये (स्क्रूसारखा गिअर चाक फिरवतो तो प्रकार) ब्राँझचं चाक असतं. तिथे हाताशी असलेलं कुठलंही हायपॉइड तेल ओतू नका. आणि तेल काढायचं असेल तर भरायचा बोल्ट आधी सुटतो का ते बघा, मगच खालचा उघडा. गाडी सपाट जागी असताना भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरलं की पुरे.