जर्मनीत स्थिरावताना आपला छंद पुन्हा कसा सुरू करावा

जर्मनीत आलेल्या मराठी कुटुंबाचे पहिले वर्ष बहुधा कागदपत्रांतच जाते. पत्त्याची नोंदणी, घर, आरोग्यविमा, निवास परवाना आणि भाषेचे वर्ग यांतून थोडा वेळ उरला, तरी त्या वेळात काय करावे हे सुचत नाही. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे खरेदीत दिवस घालवण्याची सोयही राहत नाही. नोकरी करणाऱ्याचे निदान पाच दिवस भरलेले असतात. जोडीदारासोबत आलेल्या आणि अजून नोकरी नसलेल्या व्यक्तीला मात्र ही पोकळी रोजच जाणवते. म्हणून ‘सगळे मार्गी लागल्यावर छंदाचे पाहू’ असे म्हणत न बसता पहिल्या काही महिन्यांतच सुरुवात करावी.

त्याआधी एक फरक ध्यानात घ्यावा. पुण्यात किंवा नाशकात छंदासाठी फारशी तजवीज करावी लागत नाही. सोसायटीतले कोणी क्रिकेटला हाक मारते, शेजारच्या काकू भजनी मंडळात घेऊन जातात, शुक्रवारी रात्री ट्रेकचा बेत ठरतो आणि शनिवारी पहाटे सगळे स्वारगेटला जमतात. जर्मनीत फुरसतही आधी ठरवलेली असते. तिला वार, वेळ आणि पुष्कळदा सदस्यत्व असते. आमंत्रणाची वाट पाहणाऱ्याला ते सहसा येत नाही. यात लोकांचा तुटकपणा नाही, ती तिथली रीत आहे. तेव्हा स्वतः जाऊन नाव नोंदवणे हाच खरा मार्ग होय.

सुरुवात जुन्या छंदापासून करावी आणि त्यातून आपल्याला नेमके काय मिळत होते, ते ओळखावे. गडकोटांवर भटकणाऱ्याला सह्याद्री इथे मिळणार नाही. पण त्याला चढण, इतिहास आणि सोबत हवी असेल, तर तिन्ही गोष्टी मिळतात. मुंबईचे भगिनीशहर असलेल्या श्टुटगार्टजवळच्या श्वेबिश आल्ब डोंगररांगेत होहेननॉयफेन आणि होहेनउराख या किल्ल्यांचे विस्तीर्ण अवशेष आहेत. १८८८ साली स्थापन झालेली श्वेबिशर आल्बफेराइन ही संस्था या डोंगरांतल्या पायवाटांची निगा राखते आणि सामूहिक पदभ्रमंतीही योजते. आल्प्सची ओढ असणाऱ्यांनी १८६९ साली म्युनिकमध्ये स्थापन झालेल्या जर्मन आल्पाइन क्लबच्या आपल्या शहरातील शाखेत चौकशी करावी.

गाणे किंवा वादन हा छंद असेल, तर घराचा विचार आधी करावा लागतो, कारण नवे लोक शेजाऱ्यांच्या धास्तीने तबल्याची पिशवीच उघडत नाहीत. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते आणि रविवारी विशेष काळजी घ्यायची असते, हे खरे. पण घरी वाद्य वाजवणे हा सामान्य जीवनाचा भाग असल्याचे तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आहे. कामाच्या दिवशी दोन ते तीन तास आणि रविवारी व सुटीच्या दिवशी एक ते दोन तास, असा ढोबळ अंदाजही त्या निकालात दिला आहे. तरीही भाडेकरार आणि इमारतीचे नियम वाचावेत, वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना भेटून आपली रियाजाची वेळ सांगावी आणि त्यांना अडचणीची वेळ कोणती, तेही विचारावे. या दोन मिनिटांच्या बोलण्याने बरीच तेढ टळते. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी होऊन तबल्याची पुडी ताणली जाते आणि स्वर चढतो. म्हणून तबला हीटरपासून दूर ठेवावा. भारतातील गुरूंकडे ऑनलाइन शिकत असाल, तर उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक धरून तासाची वेळ ठरवावी. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे बदलतात, हे गुरूंनाही आधीच कळवावे.

यानंतर फोल्क्सहोखशूलेकडे वळावे. प्रौढांसाठी लोकशिक्षण देणाऱ्या अशा ८०० हून अधिक संस्था देशभर आहेत. मातीकाम, चित्रकला, शिवणकाम, नृत्य, छायाचित्रण असे वर्ग तिथे माफक शुल्कात चालतात आणि अनेक ठिकाणी विद्यार्थी व बेरोजगारांना सवलत मिळते. सत्रे साधारणपणे वसंतात आणि शरदात सुरू होतात. लोकप्रिय वर्ग लवकर भरतात, म्हणून कार्यक्रमपत्रिका जाहीर होताच नाव द्यावे. भाषा कच्ची असेल, तर हाताने करायचा छंद निवडावा. चाकावर माती फिरत असताना व्याकरण कमी लागते आणि भाषेच्या वर्गात न भेटणारे शब्द सहज कानावर पडतात.

पुढची पायरी फेराइनची, म्हणजे सदस्यांनी चालवलेल्या मंडळाची. नोंदणीसाठी किमान सात सदस्य लागतात आणि देशात अशी नोंदणीकृत मंडळे ६ लाखांहून अधिक आहेत. बुद्धिबळ, बॅडमिंटन, समूहगान, टेबल टेनिस, अनेक शहरांत क्रिकेटही. आधी ईमेल करून एक-दोन वेळा पाहुणा म्हणून येऊ का, असे विचारावे; बहुतेक मंडळे आनंदाने होकार देतात. सही करण्यापूर्वी वर्गणी आणि सदस्यत्व सोडण्याची मुदत पाहावी, कारण पुष्कळ ठिकाणी लेखी कळवल्यावरही सदस्यत्व वर्षअखेरीसच संपते. बागकामाची आवड असणाऱ्यांनी क्लाइनगार्टनसाठी, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बागेसाठी, लगेच नाव द्यावे. मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी काही वर्षांची असते. तोवर मेथी-कोथिंबीर बाल्कनीत होते.

महाराष्ट्र मंडळात अवश्य जावे. गणपतीतल्या नाटकाची तालीम ही परदेशातली फार मोठी ठेव आहे. मात्र आठवड्यातली एक संध्याकाळ स्थानिक मंडळासाठी राखावी. तिथे सराव संपताच घर गाठू नये. उन्हाळी मेळाव्यात केक आणणे, मैदानावर रेषा आखणे, खुर्च्या लावणे ही कामे सदस्यांनीच करायची असतात. त्यासाठीच्या यादीत आपले नाव स्वतःहून लिहावे, कारण सरावात फारसे न बोलणारी माणसे अशा कामांच्या वेळी निवांत बोलतात.