कॉड मादीची अंडी कशी मोजावीत

उत्तर अटलांटिकमधील कॉड मासा आपल्याकडे घरोघरी ओळखला जातो तो त्याच्या यकृताच्या तेलामुळे. मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्याची गाबोळी अधिक शिकवून जाते. बॅरेंट्स समुद्रातील कॉड दरवर्षी नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपाशी अंडी घालण्यासाठी येतो आणि हा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असा चालतो. कॉडची अंडी तळाशी न बसता पाण्यात तरंगतात, हे जी. ओ. सार्स या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात याच बेटांजवळ पाहिले. एका मादीच्या अंड्यांची संख्या काढण्याची रीत पुढे दिली आहे. अंडाशयाच्या लहान तुकड्यांतील अंडी मोजायची आणि त्यावरून संपूर्ण अंडाशयाच्या वजनाने गुणून एकूण संख्या काढायची, अशी ती आहे. तिच्यातली मोजदाद सोपी आहे. चूक होते ती बहुधा मादी निवडताना.

कॉड मादी सगळी अंडी एकदम सोडत नाही. दर दोन-तीन दिवसांनी एक खेप, याप्रमाणे काही आठवडे ती अंडी सोडत राहते, परंतु त्या हंगामात सोडायच्या अंड्यांचा साठा हंगाम सुरू होण्यापूर्वीच तिच्या अंडाशयात ठरलेला असतो आणि नंतर त्यात भर पडत नाही. म्हणूनच ही मोजणी शक्य होते. उष्ण समुद्रातील अनेक माशांत हंगाम चालू असतानाच नव्या अंडपेशी तयार होत राहतात, त्यामुळे त्यांना ही पद्धत जशीच्या तशी लावू नये.

मादी निवडताना पहिली खेप अद्याप सुटलेली नाही, याची खात्री करावी. अंडाशय उघडल्यावर त्यात काचेसारखे पारदर्शक, मिलिमीटरपेक्षा मोठे दाणे दिसले, तर ती अंडी पाणी शोषून सुटण्याच्या बेतात आहेत असे समजावे आणि ती मादी बाजूला ठेवावी. असे दाणे नसले तरी दोन खेपांच्या मधली मादी हाती लागू शकते. शंका आल्यास ऊतीचा पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. अंडे बाहेर पडल्यावर मागे राहिलेली रिकामी, सुरकुतलेली पुटके आढळली तर अंडी सोडणे सुरू झालेले आहे. अगदी लवकरची मादीही घेऊ नये. पीतक (अंड्यातील बलक) भरलेल्या अंडपेशींचा सरासरी व्यास सुमारे ४०० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे गेलेला असावा, नाहीतर वाढीस लागलेल्या आणि पुढील वर्षांसाठी मागे राहणाऱ्या पेशी स्पष्ट वेगळ्या होत नाहीत.

माशाची लांबी व वजन नोंदवून अंडाशयाचे दोन्ही भाग अखंड काढावेत, पुसून कोरडे करावेत आणि तोलावेत. कॉडच्या अंडाशयात पेशींची विभागणी बरीच एकसारखी असते, तरीही नवशिक्याने एका भागाच्या पुढच्या, मधल्या व मागच्या टोकाकडून प्रत्येकी सुमारे ०.१ ग्रॅमचे तुकडे घ्यावेत. हे तुकडे ताजेच तोलून मग ३.६ टक्के बफरयुक्त (आम्लता स्थिर राखलेल्या) फॉर्मल्डिहाइडमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या रसायनात, ठेवावेत. संपूर्ण अंडाशय ताजा तोलला आणि तुकडे मात्र रसायनात मुरल्यानंतर तोलले, तर गुणाकार बिघडतो, कारण रसायनात वजन बदलते. फॉर्मल्डिहाइड हाताळताना हातमोजे आणि खेळती हवा आवश्यक आहे.

ऊती घट्ट झाल्यावर तुकडा बशीत सुईने हलकेच मोकळा करावा. खालून प्रकाश सोडला की पीतकाने भरलेल्या पेशी काळपट, अपारदर्शक दिसतात आणि त्यांच्यामध्ये मोहरीत मिसळलेल्या खसखशीसारखे बारीक, स्वच्छ दाणे पसरलेले असतात. हे बारीक दाणे पुढील वर्षांसाठीचे असल्याने मोजू नयेत. साधारण २५० मायक्रॉनपेक्षा मोठ्या, गडद पेशीच धराव्यात.

हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. मादी ६ किलोची, अंडाशय २८० ग्रॅमचा आणि ०.१ ग्रॅममध्ये सरासरी १,०८० पेशी, असे मानल्यास एका ग्रॅममध्ये १०,८०० आणि एकूण ३०,२४,००० अंडी होतात, म्हणजे शरीराच्या दर ग्रॅममागे सुमारे ५००. कॉडसाठी हा आकडा पटण्याजोगा आहे. उत्तर याच्या दुप्पट किंवा पाव आले, तर आधी तराजू आणि दशांश चिन्ह तपासावे. तिन्ही तुकड्यांतील प्रतिग्रॅम संख्यांत मोठी तफावत असेल, तर आणखी तुकडे मोजावेत.

आलेली संख्या प्रत्यक्ष सुटणाऱ्या अंड्यांची नसते. काही पेशी वाढीच्या वाटेवरच विरघळून शरीरात परत शोषल्या जातात, आणि अन्न कमी मिळालेल्या मादीत हे प्रमाण वाढते. आकार बिघडलेल्या, कवच तुटलेल्या पेशी छेदात दिसल्यास त्यांचे प्रमाण वेगळे लिहावे आणि अंतिम आकड्यापुढे ‘संभाव्य’ हा शब्द अवश्य घालावा. एकाच वजनाच्या दोन माद्यांची तुलना करायची असेल, तर वय आणि यकृताचे वजनही त्याच ओळीत नोंदवावे. मादीने किती चरबी साठवली होती, हे कॉडमध्ये यकृतावरूनच कळते.