टोकांशी रुंदावणारा ठळक फॉन्ट कुठे वापरावा

बडोद्याच्या दांडिया बाजारातील गणेशोत्सवाच्या फलकावर मराठीखाली इंग्रजी शीर्षकही द्यायचे असेल, तर ज्याच्या रेघा मध्यावर किंचित सडपातळ राहून टोकांकडे हळूहळू रुंदावतात, आणि वेगळ्या जोडलेल्या आडव्या सेरिफऐवजी (म्हणजे अक्षराच्या टोकाला असणाऱ्या छोट्या रेघेऐवजी) त्या रुंदीतच संपतात, असा ठळक फॉन्ट निवडावा. अक्षररचनाकार बर्थोल्ड वोल्पे यांचा आल्बर्टस हे त्याचे सुंदर उदाहरण आहे. कांस्यफलकांवरील उठावाच्या अक्षरांतून तो घडल्यामुळे दुरूनही भारदस्त दिसतो. बारीक मजकुरात मात्र ही टोके एकमेकांत मिसळल्यासारखी वाटतात, म्हणून तो शीर्षकापुरताच ठेवावा आणि अक्षरांमधील अंतर थोडे वाढवावे. देवनागरीची जाडी जुळवताना शिरोरेषेपेक्षा काना पाहावा. मला हीच कसोटी सर्वांत विश्वासाची वाटते.