न्यायसहायक प्रयोगशाळेत जायचंय? आधी एवढं उरकून घे

पदवीच्या नावात 'फॉरेन्सिक' (म्हणजेच न्यायसहायक) हवंच, असं धरून कॉलेज शोधू नकोस. आधी 'वैज्ञानिक सहायक' आणि 'सहायक रासायनिक विश्लेषक' या पदांच्या जुन्या जाहिराती काढ, पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाच, मग विषय ठरव. मला विचारशील तर बीएस्सीला सरळ केमिस्ट्री घे. फॉरेन्सिक एमएस्सीलाही घेता येतं. छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत.

रंगांधळेपणासाठी डोळे तपासून घे. अमली पदार्थ ओळखायला वापरतात त्या मार्क्विस अभिकर्मकाच्या थेंबाने हेरॉइन जांभळं होतं, अ‍ॅम्फेटामिन नारिंगी-तपकिरी. हा फरक तुला दिसायला हवा.

मग हात. टीएलसीची (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातले घटक पातळ थरावर वेगळे करायची पद्धत) प्लेट स्वतः चालवून बघ, कीटकनाशकाच्या विषबाधेत ती अजून उपयोगी पडते. खालची रेघ पेन्सिलीनेच मारायची. पेनाने मारलीस तर शाईच द्रावकाबरोबर वर चढते आणि तुझ्या ठिपक्यांत आपले ठिपके मिसळते. केशनलिकेने बारीक ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावरच पुन्हा द्यायचा. माझे पहिले ठिपके रुपयाएवढे पसरले होते, ते जाऊ दे.

गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वायुरूपात वेगळे करायची पद्धत, पाठ करू नकोस, समजून घे. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. ग्लासातल्या दारूत मिथेनॉल आहे की नाही, हे पिणाऱ्याला कळत नाही. यंत्रातल्या कॉलममधून, म्हणजे लांब नळीतून, मात्र ते इथेनॉलपासून वेगळं होऊन बाहेर येतं. का, ते फळ्यावर सांगता आलं पाहिजे. व्हिसेरा (मृताच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात का ठेवतात, मद्यार्क तपासायच्या रक्तात सोडियम फ्लोराइड का घालतात, हेही शोधून ठेव. वासाची सवय होते. पूर्ण नाही.

प्रॅक्टिकलची वही आजपासून बदल. पानांना क्रमांक, खोडरबर बंद. चूक झाली की एक आडवी रेघ, सही, तारीख. मुद्देमाल आला की पाकीट फोडण्याआधी लाखेवरचा ठसा पोलिसांच्या पत्रावरच्या नमुना ठशाशी ताडून बघतात. ती नजर वहीतूनच तयार होते.

शेवटी लॉ कॉलेजचा एखादा मित्र गाठ आणि त्याला उलटतपासणी घ्यायला लाव. तो विचारेल, "या भांड्यात आधी काय होतं?" तुझं उत्तर "धुतलं होतं" एवढंच असेल, तर परत जा आणि ब्लँक, म्हणजे नमुना न घालता तीच चाचणी, चालव.